डॉकर एक्स्टेन्शन : घरच्या लॅपटॉपवर मांडणी

कंटेनर : अ‍ॅप आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकत्र बांधून वेगळे चालवण्याची पद्धत. व्हर्च्युअल मशीनमध्ये स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम असते. कंटेनर यजमानाचेच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) वापरतात.

इमेज : साचा. तो चालू केला की कंटेनर.

एक्स्टेन्शन : डॉकर डेस्कटॉपमध्ये (कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचे डेस्कटॉप अ‍ॅप) जोडले जाणारे जादा साधन.

कालपट
• मार्च २०१३ : डॉकर प्रथम जाहीरपणे सादर.
• मे २०२२ : डॉकर एक्स्टेन्शन्सची घोषणा.

आधी हवे : डॉकर डेस्कटॉप, नोड जेएस, बॅकएंड (पडद्यामागचा भाग) गो भाषेत असल्यास गो. विंडोजवर सहसा डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय).

क्रम
• ‘डॉकर एक्स्टेन्शन इनिट’ : नमुना प्रकल्प तयार.
• ‘मेटाडेटा डॉट जेसन’ : एक्स्टेन्शनचे घटक इथे नोंदवायचे.
• ‘डॉकर बिल्ड’ : इमेज तयार.
• ‘डॉकर एक्स्टेन्शन इन्स्टॉल’ : डॉकर डेस्कटॉपवर बसवणे.
• ‘डॉकर एक्स्टेन्शन डेव्ह यूआय-सोर्स’ : स्क्रीन स्थानिक सर्व्हरशी, उदा. पोर्ट ३०००शी जोडणे. फाइल जतन करताच बदल दिसतो.
• ‘डॉकर एक्स्टेन्शन डेव्ह डीबग’ : क्रोमची डेव्हलपर टूल्स उघडतात.

फरक : यूआयमधील (स्क्रीनवर दिसणाऱ्या भागातील) बदल लगेच दिसतात. बॅकएंड बदलल्यास पुन्हा ‘डॉकर बिल्ड’, मग ‘डॉकर एक्स्टेन्शन अपडेट’.

मावळातून काम करताना
• प्रवासात लोणावळ्यापुढे बोरघाटातील बोगद्यांत मोबाइलची रेंज तुटते.
• बेस इमेज व एनपीएम पॅकेजेस तळेगाव-लोणावळ्यात घरीच उतरवून ठेवा. मग यूआयचे काम नेटशिवायही चालते.
• पावसाळ्यात वीज जाते. राउटरला इन्व्हर्टर जोडा.