बॉनचे ब्रँडिस आणि आपली जंगलं

मंडळी, रविवारी जर्मनीतल्या जंगलात फिरायला गेलं की वाटेच्या कडेला ओंडक्यांच्या नीट रचलेल्या राशी दिसतात. एवढी तोड होऊनही जंगल टिकतं कसं? यामागचा विचार जुना आहे. सॅक्सनीतल्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी तो १७१३ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला. जेवढं वाढेल तेवढंच तोडायचं. थोडक्यात काय, तर मुद्दलाला हात न लावता व्याजावर भागवायचं!

हा विचार भारतात राबवणारे गृहस्थ बॉनचे. नाव डीट्रिश ब्रँडिस (१८२४-१९०७). मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, बॉन विद्यापीठात शिकवायचे. १८५६ मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगू भागातील सागाच्या जंगलांचा कारभार त्यांच्याकडे आला. पहिला प्रश्न, झाडं आहेत किती? अख्खं जंगल मोजणं तर अशक्य. मग ते हत्तीवर बसून जंगलवाटांनी जायचे. हातात काठ्या, प्रत्येक जाडीच्या झाडासाठी वेगळी. वाटेलगत साग दिसला की त्या त्या काठीवर चाकूने एक खाच. त्यावरून सगळ्या जंगलाचा अंदाज. आम्ही सॉफ्टवेअरवाले यालाच 'सॅम्पलिंग' म्हणतो.

१८६४ मध्ये ते भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८७८ मध्ये त्यांनी डेहराडूनला वनशाळा काढली. १८८३ मध्ये निवृत्त झाले, पण झाडांचा नाद काही सुटला नाही. 'इंडियन ट्रीज' हा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९०६ मध्ये आला, म्हणजे वयाची ऐंशी उलटल्यावर!

पण याला दुसरी बाजूही आहे. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावर सरकारची पकड घट्ट झाली. पिढ्यान्‌पिढ्या सरपण आणणारा, गुरं चारणारा माणूस गुन्हेगार ठरू लागला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कायद्याला विरोध केला. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये वनखात्यावर कोरडे ओढले. खुद्द ब्रँडिस यांचं मत होतं की गावांना त्यांची स्वतःची जंगलं असावीत. कायद्यात ग्रामवनाची तरतूद झालीही, पण ती बहुतेक कागदावरच राहिली. शेवटी २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

तेव्हा मंडळी, जंगलाच्या कामाला मदत देताना झाडं किती लावणार एवढंच विचारू नका. ती राखणार कोण आणि त्यात गावाचा वाटा किती, हेही जरूर विचारा.