जुन्या मालमोटारीच्या शक्तीची पारख

चार-साडेचार लाख किलोमीटर धावलेली मालमोटार घाटात धापा टाकू लागली, की तिच्या मालकापुढे खर्चाचा मोठा प्रश्न उभा राहतो. ऊसवाहतुकीचा ट्रक असो, दूध संघाचे वाहन असो अथवा टंचाईच्या काळात वाड्यावस्त्यांना पाणी पुरविणारा टँकर असो, ‘आता इंजिनाचे काम काढावे लागेल’ हा सल्ला बहुधा आवाज ऐकून व धूर पाहून दिलेला असतो. लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे बदलण्याचा खर्च मोठा असून तेवढे दिवस वाहनही बंद राहते. हा भार उचलण्यापूर्वी इंजिनात शक्ती किती उरली आहे, हे मोजून पाहता येते. ज्या यंत्राने हे मोजमाप होते त्यास डायनॅमोमीटर, म्हणजे शक्तिमापक, म्हणतात.

वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्रासाठी होणाऱ्या तपासणीत ब्रेक, दिवे, धूर इत्यादी बाबी पाहिल्या जातात. इंजिनाची शक्ती मोजली जात नाही. अंतरमापकाचा आकडाही फारसा उपयोगी नाही. जुन्या पाच अंकी मापकावर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्ये येतात, आणि दोन लाख किलोमीटर खडीच्या रस्त्यावर भार वाहिलेले इंजिन पाच लाख किलोमीटर महामार्गावर धावलेल्या इंजिनापेक्षा अधिक झिजलेले असू शकते.

शक्तिमापनाचे तत्त्व साधे आहे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्यास लागणारी शक्ती म्हणजे एक मेट्रिक अश्वशक्ती. फिरणाऱ्या यंत्रास ब्रेक लावून तो ब्रेक धरून ठेवण्यास किती जोर लागतो हे पाहिले आणि त्यास वेगाने गुणले, की शक्ती कळते. फ्रेंच अभियंता प्रोनी याने १८२१ मध्ये याच तत्त्वावर लाकडी ठोकळ्यांचा ब्रेक तयार केला. १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम फ्राउड याने ठोकळ्यांच्या जागी पाण्याचा विरोध वापरला. आजच्या यंत्रांत हे काम बहुधा विद्युत-चुंबकीय ब्रेक करतो.

इंजिन उतरवून बाकावर तपासता येते. परंतु चालत्या मालमोटारीसाठी रोलरांचे शक्तिमापक सोयीचे पडते. मागची चाके जमिनीत बसविलेल्या रोलरांवर ठेवून वाहन साखळ्यांनी घट्ट बांधतात. इंजिन पूर्ण तापू देतात आणि रेडिएटरसमोर मोठा पंखा लावतात, कारण उभ्या वाहनास वाऱ्याचा झोत मिळत नाही. रोलरांवर टायर फार तापतात. म्हणून चिरलेले अथवा रिट्रेडचा थर सुटू लागलेले टायर असल्यास चाचणी घेऊ नये. नंतर थेट गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, रोलरांचा विरोध कमीजास्त करीत, कमी फेऱ्यांपासून कमाल फेऱ्यांपर्यंत शक्तीचा आलेख काढला जातो. एकाच चाचणीवर न विसंबता ती दोनतीनदा घेतात.

खरी अडचण आकडा हाती आल्यावर सुरू होते. समजा, कागदोपत्री १३० अश्वशक्तीच्या मालमोटारीची चाके ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १५ मीटर, वेगाने रोलर फिरवीत असताना जास्तीत जास्त ५०० किलोची ओढ देतात. हिशेब १०० अश्वशक्तीचा येतो. तीस अश्वशक्ती गेली, इंजिन संपले, असा निष्कर्ष येथे घाईने काढला जातो. कागदावरील आकडा मात्र इंजिनाच्या तोंडाशी मोजलेला असतो. गिअरपेटी, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल व टायर यांतून चाकांपर्यंत येताना १५ टक्के शक्ती खर्ची पडते असे धरले, तर नव्या गाडीचा आकडाही ११० च्या आसपासच भरला असता.

दुसरी वजावट हवेची. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात हवा विरळ असते. मे महिन्यातील उष्म्याने ती आणखी विरळ होते. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनास त्यामुळे प्राणवायू कमी मिळतो. म्हणून मोजलेली शक्ती प्रमाणित दाब व तापमानाच्या हिशेबात बदलून घ्यावी लागते. ही दुरुस्ती पाच टक्के धरल्यास आपल्या उदाहरणातील १०० चे १०५ होतात. म्हणजे तीसपैकी झिजेच्या वाट्याला जेमतेम पाच अश्वशक्ती येते. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनास पेट्रोल इंजिनाचे दुरुस्ती-सूत्र लावल्यास आकडा फुगतो; तपासनिसाने कोणते सूत्र वापरले हे विचारणे योग्य होय.

आलेखाचा आकार एका आकड्यापेक्षा अधिक बोलका असतो. कमी फेऱ्यांवर जोर ठीक आणि वरच्या फेऱ्यांवर शक्ती कोसळते, तेव्हा डिझेल फिल्टर वा एअर फिल्टर तुंबल्याचा संशय प्रथम घ्यावा. शक्ती कमी व धूर काळा असेल तर हवा कमी पडत आहे किंवा नोझल बिघडले आहेत. शक्ती कमी आणि धूरही नाही, तर डिझेलच कमी पोहोचत आहे. यांतील बरीच दुरुस्ती इंजिन न उघडता होते. आलेख सर्वत्र खाली असेल आणि सिलिंडरांचा दाबही कमी भरला, तर मात्र इंजिन उघडण्यास पर्याय नाही.

याच्या उलट फसगतही संभवते. पंपाचा डिझेल पुरवठा वाढवून ठेवलेले जुने इंजिन कागदावरील आकड्याहून अधिक शक्ती दाखवू शकते. ते सुदृढतेचे लक्षण नव्हे. काळा धूर आणि अतिउष्णतेने पिस्टन जळण्याचा धोका ही त्याची किंमत असते. निळा धूर सोडणारे, तेल जाळणारे इंजिनही कधी कधी शक्तीत फारसे मागे पडत नाही. त्यामुळे शक्तीबरोबरच धूर, डिझेलचा खप आणि तेलाचा खप पाहिल्याशिवाय निर्णय घेणे इष्ट नाही.

पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था वाहने व इंजिने यांच्या चाचण्या करते. तालुक्याच्या गॅरेजात मात्र असे यंत्र सहसा नसते. तेथे घाटाचा उपयोग होऊ शकतो. वजनकाट्यावर १६ टन भरलेली मालमोटार २० मीटरला १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर असेल, तर चढाचा विरोध ८०० किलो आणि टायरांचा साधारण १६० किलो, असा ९६० किलोचा होतो. ताशी २७ किलोमीटर वेगाने ती चढली तर चाकांपाशी ९६ अश्वशक्ती पोहोचते. २० किलोमीटर वेगाने चढली तर ७१. त्याच चढावर, तेवढ्याच भाराने, इंजिनाच्या कमाल शक्तीच्या फेऱ्या राहतील असा गिअर निवडून लागलेला वेळ दर सहा महिन्यांनी वाहनाच्या नोंदवहीत लिहून ठेवला, तर शक्ती कधीपासून व किती उतरली हे मागील नोंदींवरून दिसते.