तागावरील ठिपकेदार पतंग

कीटक वर्गाच्या लेपिडॉप्टेरा गणातील एक लहान पतंग. एरेबिडी कुलाच्या आर्क्टिइनी उपकुलातील उटेथिसा प्रजातीत याचा समावेश होतो. ताग (बोरू, सन), खुळखुळा इ. क्रोटलॅरिया प्रजातीच्या वनस्पतींवर तो वाढतो. विदर्भातील गवताळ माळ, पडीत शेते व धुरे, तसेच नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वरसारख्या वाढत्या वस्तीतील मोकळ्या जमिनी येथे अशा वनस्पती असल्यास तो शोधावा.

ओळख : पंखविस्तार सु. ३–४ सेंमी. असतो. पूर्वपंख अरुंद व पांढरट असून त्यांवर लाल ठिपके व काळे बिंदू असतात. पश्चपंख पांढरे असून त्यांच्या बाहेरील कडेस वेडावाकडा काळा पट्टा असतो. गवत हलताच तो दिवसाही उडतो व थोड्या अंतरावर पुन्हा बसतो. उ. पुल्चेला (लिनीअस, १७५८), उ. लोट्रिक्स व उ. पुल्चेलॉयडीझ या जाती दिसण्यात अत्यंत सारख्या आहेत. ठिपक्यांत व्यक्तिगत फरक आढळत असल्याने जाती निश्चित करण्यासाठी नराच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकीय तपासणी करावी लागते. केवळ रंगावरून प्रजातीच सांगता येते.

जीवनचक्र : रूपांतरण पूर्ण असून अंडे, अळी, कोश व प्रौढ अशा चार अवस्था असतात. मादी पोषक वनस्पतीच्या पानांवर अंडी घालते. अळी काळसर व केसाळ असून तिच्यावर पांढऱ्या रेषा व नारिंगी-तांबड्या खुणा असतात. ती प्रथम पाने खाते व पुढे शेंगा पोखरून बिया खाते. पूर्ण वाढलेली अळी विरळ रेशमी वेष्टनात कोशावस्थेत जाते. तापमानानुसार चक्रास लागणारा काळ बदलतो.

वनस्पतीशी संबंध : क्रोटलॅरियातील विषारी पायरोलिझिडीन अल्कलॉइडे अळी शरीरात साठविते व ती प्रौढावस्थेतही टिकतात. पंखांचे ठळक रंग शत्रूंना या बेचवपणाची सूचना देतात. याच द्रव्यांपासून नर मादीस आकर्षिणारे गंधद्रव्य तयार करतो. उ. ऑर्नाट्रिक्स या अमेरिकी जातीत नर समागमाच्या वेळी अल्कलॉइडे मादीस देतो व त्यांमुळे अंड्यांचेही संरक्षण होते, असे सिद्ध झाले आहे.

महत्त्व : हिरवळीच्या खताचा ताग फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडतात, त्यामुळे शेंगा पोखरल्याची हानी मुख्यतः बियाण्यासाठी राखलेल्या पिकास पोहोचते. उलट, माळावरील खुळखुळा निरुपयोगी तण समजून काढून टाकल्यास पतंगाचे अन्न व संरक्षण ही दोन्ही नाहीशी होतात. म्हणून त्याच्या नोंदीत स्थळ व दिनांकाबरोबर वनस्पतीचे नावही असणे आवश्यक ठरते.