‘चिंता’ म्हणजे प्रेम!

इंडोनेशियातल्या शाळांमध्ये भाषेचा तास आता पुस्तकातून बाहेर पडून स्क्रीनवर आलाय. क्विझ, कार्ड्स, गाणी, व्हिडिओ... एकदम हटके! पण स्कोअर वाढला म्हणजे मुलं वाचायला लागली का?

बालीच्या ट्रिपचं प्लॅनिंग चाललंय? मग एक टिप घ्या. तिथे कुणी ‘चिंता’ म्हणालं, तर टेन्शन घेऊ नका. इंडोनेशियन भाषेत ‘चिंता’ म्हणजे चक्क प्रेम! शब्द संस्कृतातलाच, पण समुद्र ओलांडताना अर्थ बदलून बसला. ‘सुआमी’ म्हणजे नवरा, ‘इस्त्री’ म्हणजे बायको, ‘काता’ म्हणजे शब्द. आणि ‘सास्त्रा’? सायन्स वगैरे काही नाही, सरळ साहित्य.

आपल्याला ही सगळी गंमत वाटते. तिथल्या मुलांसाठी मात्र हा अभ्यासाचा विषय आहे, आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

घरी एक, शाळेत दुसरी

इंडोनेशियात 700 हून अधिक भाषा बोलल्या जातात. 28 ऑक्टोबर 1928 ला तिथल्या तरुणांनी शपथ घेतली, एक देश, एक राष्ट्र आणि एकतेची भाषा इंडोनेशियन. गंमत म्हणजे सर्वांत जास्त लोकांची जावानीज त्यांनी निवडली नाही. बंदरांवर, बाजारात सगळ्यांना समजणारी मलय घेतली आणि तिलाच ‘बहासा इंदोनेशिया’ म्हटलं.

म्हणजे आजही कित्येक मुलं घरी जावानीज किंवा सुंदानीज बोलतात, मित्रांशी स्लँगमध्ये गप्पा मारतात आणि शाळेत तिसरीच, शुद्ध, छापील भाषा शिकतात. ती नीट आली नाही, तर गणितापासून इतिहासापर्यंत सगळंच डोक्यावरून जातं. पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2018 मध्ये इंडोनेशियाला वाचनात 371 गुण होते. 2022 मध्ये ते 359 वर घसरले. ओईसीडी देशांची त्या वर्षीची सरासरी होती 476. प्रश्न सीरियस आहे, बॉस!

‘आजार’वर इलाज

या भाषेत क्रियापदाला काळ नाही. काल, आज, उद्या, रूप एकच. मग अवघड काय? शब्दांना लागणारे उपसर्ग-प्रत्यय. ‘आजार’ हे मूळ घ्या. दुखणं नव्हे हं, शिकणं-शिकवणं! त्यापासून ‘बलाजार’ म्हणजे शिकणं, ‘मंगाजार’ म्हणजे शिकवणं, ‘पलाजार’ म्हणजे विद्यार्थी आणि ‘पंगाजार’ म्हणजे शिक्षक. त्यात ‘तुलिस’चं ‘मनुलिस’ होताना पहिला ‘त’ गायबच होतो!

पुस्तकात याचा एक भलामोठा तक्ता असतो. पाठ करा आणि विसरा. स्क्रीनवर तेच लेगोसारखं होतं. मूळ शब्दाचं कार्ड ओढायचं, उपसर्गाला जोडायचं. चुकलं तर कार्ड परत जागेवर. चूक त्याच क्षणी कळते, आणि चारचौघांत हात वर करून फजिती होत नाही. लाजऱ्या मुलांसाठी हे फारच सही.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि अशा साधनांची गरज एकदम वाढली. काहूट, वर्डवॉल, कॅनव्हा तिथल्या शिक्षकांच्या ओळखीचे झाले. आणि हो, तिकडे वापरलं जाणारं क्विझिझ 2015 मध्ये आपल्या बंगळुरूत सुरू झालं होतं. 2025 मध्ये त्याचं नाव वेग्राउंड झालं.

कवितेला ऑप्शन नसतात

व्याकरणाचं ठीक आहे. पण साहित्याचं काय? कवी कोण, साल कोणतं, एवढंच विचारणारं क्विझ म्हणजे जुनीच घोकंपट्टी, फक्त रंगीत बटणांची. कविता आवडली का, हे ए-बी-सी-डीमध्ये कसं विचारणार?

इथे तिथल्या शिक्षकांच्या मदतीला येतो एक मस्त प्रकार, कवितेला चाल लावण्याचा. सापार्दी जोको दामोनो हे इंडोनेशियाचे लाडके कवी. 2020 मध्ये ते गेले. त्यांच्या कविता आरी-रेदा या जोडीने गिटारवर गायल्या आणि त्या पुस्तकाबाहेर पोचल्या. आज मोबाईल हाच स्टुडिओ. चाल लावायची तर ओळ कुठे तोडायची, आवाज कुठे खाली आणायचा, हे ठरवावं लागतं. म्हणजे कविता दहा वेळा वाचावीच लागते. झालं ना काम!

आंद्रेआ हिराताची ‘लास्कार पलांगी’ ही बेलितुंग बेटावरच्या गरीब शाळेची कादंबरी 2005 ची, सिनेमा 2008 चा. दोन्ही समोर ठेवून सिनेमाने काय गाळलं, हे शोधायला सांगितलं, की वर्गात आपोआप वाद सुरू!

आणि साधन नसलं तर? प्रामुद्या अनंता तूर यांचं उदाहरण घ्या. बुरू बेटावर कैदेत असताना लिहायची परवानगी नव्हती. त्यांनी ‘बुमी मानुसिया’ सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. 1980 मध्ये पुस्तक आलं, 1981 मध्ये बंदी आली, आणि 2019 मध्ये त्यावर सिनेमा! यातलं ‘इंटरॅक्टिव्ह’ काय होतं? एक माणूस सांगणारा, बाकीचे ऐकणारे.

सिग्नल आहे का?

सतरा हजार बेटांच्या देशात हा प्रश्न अटळ. पालापा रिंग हे फायबर केबलचं जाळं 2019 मध्ये पूर्ण झालं. पण केबल बेटावर आली, म्हणजे प्रत्येक पोराच्या हातात फोन आला असं नाही. म्हणूनच 13 एप्रिल 2020 पासून सरकारी टीव्हीआरआय वाहिनीवर धडे सुरू झाले होते. आणि लेगोचा तो खेळ पुठ्ठ्याच्या कार्डांवरही तितकाच रंगतो. ॲप हे निमित्त. खरा फंडा आहे मुलाला स्वतः काहीतरी करायला लावण्याचा.

झटपट बहासा

दारिंग – ऑनलाइन
लुरिंग – ऑफलाइन
उन्दुह – डाउनलोड
गावाई – गॅजेट
स्वाफोतो – सेल्फी. यातला ‘स्वा’ आपलाच, ‘स्व’!

हे शब्द त्यांच्या अधिकृत शब्दकोशात आहेत. 2016 पासून या कोशाची ऑनलाइन आवृत्ती निघाली आणि तिथे सामान्य माणसालाही नवा शब्द सुचवता येऊ लागला. भाषा आपली आहे, हे मुलांना पटवायला याहून चांगला गृहपाठ कोणता?

आणि शेवटचा शब्द. त्यांच्याकडे वाचायला सांगताना म्हणतात, ‘बाचा’. ओळखीचं वाटलं ना? मग या वीकएंडला मोबाईल जरा बाजूला ठेवा, आणि... बाचा!