ओटीडीआर: तुटलेल्या फायबरचा माग

फायबर केबलमधला बिघाड नेमका किती मीटरवर आहे, हे केबलच्या एका टोकाला बसून सांगणारे यंत्र म्हणजे ओटीडीआर. ठाण्याचा घोडबंदर रस्ता असो की कल्याण-शीळ रस्ता, मेट्रोचे, रुंदीकरणाचे किंवा गटाराचे काम निघाले की जमिनीखालची केबल जेसीबीच्या तोंडी येते आणि हे यंत्र बाहेर काढावे लागते. तांब्याच्या लाइनवर हेच काम साध्या मीटरने होई. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेच्या जोडीला किलोमीटरमागे सुमारे 170 ओहम रोध असतो. शॉर्ट झालेली जोडी 85 ओहम दाखवू लागली की दोष अर्ध्या किलोमीटरवर आहे असे समजायचे. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून इथे प्रकाश सोडून त्याच्या परतीची वेळ मोजतात. एक किलोमीटर जाऊन परत यायला त्याला जवळपास 10 मायक्रोसेकंद लागतात.

पहिली पायरी कनेक्टर पुसण्याची, आणि घाईत तीच राहून जाते. प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. धुळीचा एक कण तो झाकून टाकतो. चालू फायबरवर 1310 किंवा 1550 नॅनोमीटरचा प्रकाश सोडायचा नाही. फायबरच्या टोकात डोळा घालून पाहायचे नाही. हा प्रकाश दिसत नाही, पण इजा करू शकतो. मग यंत्रात केबलचा अपवर्तनांक भरायचा. 1.468 ऐवजी 1.460 भरला, तर चार किलोमीटरवर 20 मीटरहून अधिक चूक होते आणि भलत्याच जागी खड्डा पडतो.

पडद्यावर उतरती रेघ उमटते, तिला ट्रेस म्हणतात. जॉइंटपाशी लहानशी पायरी, कनेक्टरपाशी टोकदार सुळका, आणि कटच्या जागी रेघ एकदम कोसळून तळाशी थरथरत राहते. एखादी पायरी 1550 वर मोठी आणि 1310 वर जेमतेम दिसत असेल, तर दोष जॉइंटचा नसतो. फायबर तिथे दुमडलेले असते.

खरी कसोटी यापुढे लागते. यंत्र काचेची लांबी सांगते, रस्त्याची नाही. चेंबरमध्ये पुढच्या दुरुस्तीसाठी केबलचे वेटोळे सोडलेले असते, त्याला लूप म्हणतात. समजा, डोंबिवलीतल्या एका केबलवर माहितीचा जॉइंट 2,900 मीटरवर दिसतो आणि कट 3,240 वर. फरक 340 मीटरचा. मधल्या चेंबरात 20 मीटरचा लूप असेल, तर जॉइंटपासून रस्त्यावर 320 मीटरच मोजायचे. थेट एक्स्चेंजपासून मोजत येण्यापेक्षा जवळच्या जॉइंटपासून मोजणे केव्हाही खात्रीचे.

जोडणी झाल्यावर दोन्ही टोकांकडून पुन्हा ट्रेस घेतात आणि नव्या जॉइंटच्या लॉसची, म्हणजे तिथे होणाऱ्या प्रकाशाच्या घटीची, सरासरी काढतात. एकाच बाजूचा आकडा फसवा असू शकतो. शेवटी नव्या जॉइंटची जागा आणि तिथे सोडलेल्या लूपची लांबी नोंदवहीत त्याच दिवशी लिहावी. पुढच्या कटच्या वेळी कुठे खणायचे, ते याच नोंदीवरून ठरते.