ऋषिपंचमीच्या उद्यापनानंतर

आपल्या घरांतून बाळंतिणीची जी बडदास्त ठेवली जाते तिला तोड नाहीं. डिंकाचे व अळिवाचे लाडू, शेकशेगडी, अंगाला तेल, सव्वा महिना विश्रांति; घरांतील लहान मूलहि तिच्या खोलीचें दार हळू लोटतें. तीच स्त्री पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची झाली, तिची पाळी मागेंपुढें होऊं लागली, रात्रीं अंग घामानें भिजून झोंप उडूं लागली, म्हणजे मात्र तिची विचारपूस करण्याचें कोणासहि सुचत नाहीं. "हल्लीं फार चिडचिड करते," एवढेंच काय तें निदान! पाळी जातांना शरीरांत होणाऱ्या पालटाला स्वभावदोष समजणें आम्हांस तरी चमत्कारिक वाटतें.

सुश्रुतानें शारीरस्थानांत आर्तवाचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे. आजच्या पाहण्यांवरून भारतीय स्त्रियांची पाळी सरासरीनें ४६-४७ व्या वर्षीं जाते असें दिसतें. पाश्चात्य देशांत तें वय ५१ च्या सुमाराचें आहे. सलग बारा महिने पाळी आली नाहीं म्हणजे ती गेली असें समजावें. पण ती एका दिवसांत जात नाहीं. मुलगी जन्मते तेव्हां तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लक्ष बीजें असतात. वयांत येईपर्यंत तीं तीन-चार लक्षांवर येतात आणि शेवटीं हजाराच्या आंतबाहेर उरतात. बीजें सरत आलीं कीं ईस्ट्रोजेन हा अंतःस्राव आज फार, तर उद्यां थोडा, असा हेलकावे खाऊं लागतो. ही ओढाताण पुष्कळदां चार-पांच वर्षें चालते. मेंदूंत शरीराची उष्णता सांभाळणारें जें केंद्र आहे तें यामुळें हळवें होतें आणि अंग किंचित् तापलें तरी वैशाख वणवा पेटल्यासारखें घाम सोडतें. छातींतून गळ्याकडे वाफ चढते, चेहरा लाल होतो, घाम सुटतो, आणि लगेच हुडहुडी भरते. अमेरिकेंतील एका दीर्घ पाहणींत, ज्या स्त्रियांना हा त्रास वारंवार होई त्यांपैकीं निम्म्या जणींना तो सात वर्षांहून अधिक काळ झाला. अशी रात्र काढून पहांटे पांचाला दहा माणसांच्या चहाचें आधण ठेवणाऱ्या बाईचा दुपारीं तोल गेला, तर नवल तें कोणतें?

खिडकीजवळची निजण्याची जागा, सुती पातळ, रात्रीचें लवकर जेवण, चहा व तिखट बेतानें, या उपायांनीं कांहीं जणींना बरें वाटतें. त्रास असह्य असेल तर औषध आहे, पण त्याविषयीं भीति फार. २००२ सालीं अमेरिकेंत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या प्रयोगाचा एक भाग मध्येंच थांबविण्यांत आला. दोन अंतःस्रावांचें मिश्र औषध घेणाऱ्या दर दहा हजार स्त्रियांमागें वर्षाला आठ जणींना स्तनाचा कर्करोग अधिक झाला होता. परंतु त्या स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें. साठीच्या आंतील, किंवा पाळी जाऊन दहा वर्षें न झालेल्या निरोगी स्त्रीला त्रास तीव्र असेल, तर या औषधानें सहसा तोट्यापेक्षां लाभच अधिक होतो, असें आतां तज्ज्ञ मानतात. ज्यांना स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळीचा विकार झालेला आहे, त्यांनीं मात्र हें औषध सहसा घ्यावयाचें नसतें. शेजारणीच्या चिठ्ठीवर तें कोणींच आणूं नये.

हाडांची झीज कळून येत नाहीं, म्हणून ती अधिक वाईट. पाळी गेल्यावर पहिल्या पांच-सात वर्षांत हाडांची घनता पांचव्या हिश्शापर्यंत घटूं शकते, आणि न्हाणीघरांत पाय घसरून मनगट मोडेपर्यंत कोणाला पत्ता नसतो! या वयांत दिवसाला सुमारें १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. शंभर ग्रॅम नाचणींत तें साडेतीनशेंच्या आसपास असतें; मोठ्या पेल्यांतील गाईच्या दुधांत तीनशें. आतां घरांत दूध कोणाच्या वाट्याला येतें हें ज्यानें त्यानें पाहावें. मुलांचें झालें, पुरुषांचें झालें, मग साय विरजणाला, आणि तिच्या नांवानें एकादशी, चतुर्थी व सोमवार! उपवास करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या दिवशींचा दुधाचा पेला तिच्यासमोर कोणीतरी आणून ठेवावा. रोज अर्धा तास पायीं फिरणें हेंहि हाडांना हवें असतें.

परंतु हा लेख लिहावयास घेतला तो निराळ्याच कारणानें. पाळी गेली कीं ऋषिपंचमीच्या व्रताचें उद्यापन करण्याची रीति पुष्कळ घरांत आहे. त्यानंतर सोवळें, देवघर, गौरीगणपतींचा स्वयंपाक, यांपैकीं कशालाच दिवस मोजावे लागत नाहींत. बाहेर बसणें शहरांतून बहुतेक बंद झालें, तरी देवघराचा उंबरठा अनेकींना अजून आडवा येतोच. त्यामुळें ही मोकळीक त्यांना फार मोलाची वाटते. अशा वेळीं वर्ष-दोन वर्षांनीं पुन्हां डाग दिसला तर?

आमच्या परिचयाच्या एका घरांतील थोरल्या वहिनींना तो दिसला. वय ५४, उद्यापन होऊन दोन वर्षें झालेलीं. "मेलें, या वयांत काय हें!" असें मनाशींच म्हणून त्यांनीं तीन महिने कोणाला कांहीं कळूं दिलें नाहीं. लुगडें रात्रीं धुवावयाचें आणि पहांटे वाळलेलें काढावयाचें. एकदां सुनेनें पाहिलें आणि सरळ विचारलें, "आई, तुमचा विटाळ गेला ना?" दुसऱ्या दिवशीं ती त्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या अस्तराचा कण काढून तपासला, आणि त्यांत कर्करोग निघाला. तो अजून गर्भाशयाबाहेर पसरलेला नव्हता. शस्त्रक्रिया झाली, वहिनी आज हिंडूंफिरूं लागल्या आहेत. तीन महिन्यांचें एक वर्ष झालें असतें तर काय झालें असतें, हें त्यांच्या यजमानांना अजून बोलवत नाहीं.

पाळी गेल्यावर असा रक्तस्राव होणाऱ्या शंभर स्त्रियांत सुमारें नऊ जणींना हा रोग असतो. उरलेल्या बहुतेकींना अस्तर पातळ होणें किंवा आंत लहानसा मांसाचा कोंब वाढणें, अशीं साधीं कारणें निघतात. पण आपण कोणत्या गटांतल्या, हें घरीं बसून कळत नाहीं. अंगानें स्थूल असलेल्या, मधुमेह असलेल्या स्त्रियांना धोका अधिक. डाग एकच असो, फिकट असो, दुखत नसो. आठवड्याच्या आंत दाखवावें. पाळी जाण्यापूर्वींच्या अनियमित काळांतहि फार अंगावर जाणें, आठ-दहा दिवस न थांबणें, दोन पाळ्यांच्या मध्येंच दिसणें, या गोष्टी "वयाचें आहे" म्हणून सोडून देऊं नयेत. त्या काळांत गर्भ राहूं शकतो, हेंहि पुष्कळ जोडप्यांच्या ध्यानांत नसतें.

स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर दूधवाल्याचे खाडे आपण मांडतोंच. चाळिशीनंतर पाळीच्या तारखांचें एक बारीकसें टिंब त्यांच्या शेजारीं असावें. डॉक्टर पहिला प्रश्न शेवटच्या पाळीचाच विचारतात, आणि तेव्हां "गणपतींच्या आधीं कधींतरी" या उत्तराचा फारसा उपयोग होत नाहीं.