कपडे जपणार कोण?

संपादकांना गर्दीचा वृत्तान्त हवा होता आणि गर्दी खरोखरच अफाट होती. ब्रिटिश फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या कारकिर्दीचा आढावा घेणारं ‘सॅव्हेज ब्यूटी’ हे प्रदर्शन २०१५ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरलं, तेव्हा ४ लाख ९३ हजारांवर लोक आले. शेवटच्या दोन शनिवार-रविवारी संग्रहालय रात्रभर उघडं ठेवावं लागलं. त्याआधी २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही अशाच रांगा लागल्या होत्या.

मॅक्वीन टॅक्सीचालकाचे चिरंजीव. शाळा सोडून कोवळ्या वयात ते सॅव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीत उमेदवारीला लागले. १९९२ मध्ये सेंट मार्टिन्स या कला महाविद्यालयातून पदव्युत्तर शिक्षण, पुढे पॅरिसमध्ये जिव्हाँशी या फॅशनघराची धुरा आणि फेब्रुवारी २०१० मध्ये, चाळिशीतच, स्वतःच्या हाताने अखेर.

प्रदर्शनात मी खिळले ती एका पांढऱ्या झग्यापाशी. खांदे उघडे, छातीवर चामडी पट्टा, खाली जाळीदार ट्यूलचे थर आणि त्या सगळ्यावर काळ्या-पिवळ्या रंगाचे फवारे. सप्टेंबर १९९८ मध्ये मॅक्वीन यांच्या फॅशन शोमध्ये मॉडेल शालोम हार्लो हा झगा घालून लाकडी फिरत्या चौथऱ्यावर उभी राहिली. मोटारींच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या जातीचे दोन यंत्रमानव दोन्ही बाजूंना होते. त्यांनी आधी संथपणे माना वळवल्या, तिचा अदमास घेतला आणि मग तिच्यावर रंग सोडला. ती हात वर करून स्वतःला वाचवू पाहत होती. जवळून पाहिलं की कुठे रंगाचा दाट पट्टा दिसतो, तर कुठे नुसतं शिंपण. मोटार रंगवण्यासाठी बनवलेल्या यंत्राकडून इतकं हळवं काम करून घेणं, ही मला मॅक्वीन यांची सर्वांत मोठी करामत वाटते.

असा कपडा सांभाळणं मात्र जिकिरीचं. कापडाला उजेड सोसत नाही, म्हणून संग्रहालयं तो साधारण ५० लक्सवर, म्हणजे अगदी मंद, ठेवतात. पुतळ्यालाच भर घालून कपड्याच्या मापाचा करावा लागतो. कपडा ताणून चालत नाही. रंगाने कडक झालेल्या कापडाची घडी घातली, तर रंगाला तडा जाण्याची भीती.

आणि मुळात कपडा शिल्लक तर हवा. १९९३ चा ‘टॅक्सी ड्रायव्हर’ हा मॅक्वीन यांचा संग्रह आज उरलेला नाही. क्लबमध्ये सामान ठेवण्याचे पैसे वाचावेत म्हणून त्यांनी तो कचऱ्याच्या पिशव्यांत भरून बाहेर ठेवला आणि तो गेला तो गेलाच, असं सांगतात.

या हरवलेल्या संग्रहावरून मला कोल्हापूरच्या भानू अथैया आठवल्या. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आपल्या मागे ते सन्मानचिन्ह सुरक्षित राहील याची खात्री नसल्याने २०१२ मध्ये त्यांनी ते ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीकडे परत सोपवलं.

कारकिर्दीचं असं सिंहावलोकन नुसत्या प्रतिभेच्या जोरावर उभं राहत नाही. वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या कपड्यांवर उभं राहतं. अथैयांसारख्यांचे कपडे, नमुने आणि रेखाटनं सांभाळणारं कायमचं दालन महाराष्ट्राने आता उभारलंच पाहिजे.